सागाच्या पानावरची अळी

ब्रह्मपुरीत माझ्या एका मित्राचा लग्नाचे फोटो काढायचा स्टुडिओ आहे, पण त्याचा जीव सगळा किड्यांत. मिररलेस कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये तो एक्स्टेन्शन ट्यूब नावाची नळी बसवतो. बसवण्याआधी तिच्यातून एक डोळा मिटून माझ्याकडे बघतो आणि दर वेळी तेच म्हणतो, "आत काच नाई, काई नाई. नुसती पोकळ. पण मुंगीच्या मिशा मोजून घ्या!" ट्यूब लावली की लेन्स किड्यापासून अगदी चार बोटांवर न्यावी लागते. इतक्या जवळ गेलं की त्याला आजूबाजूचं काहीच दिसत नाही, याची मला चीड येते.

मागे आम्ही रेशमाच्या कोशासाठी ऐनाच्या झाडांवर अळ्या पाळणाऱ्या एका बाईंकडे गेलो होतो. बाईंनी आधी चपला बाहेर काढायला लावल्या. "अळी कात टाकून राह्यली भाऊ, हात नोका लावू," असं बजावून त्या पाणी आणायला गेल्या.

ऐनाची पानं कुरतडलेली, फोटोत बरी दिसेनात. ह्यानं अळी ओढून काढली आणि शेजारच्या सागाच्या हिरव्यागार पानावर ठेवली. मी ओरडलो, तर मलाच म्हणाला, "हलू नको, फोकस जाते!" नंतर मी ती परत ऐनावर ठेवली, पण कात टाकताना पानाला घट्ट धरलेली तिची पकडच गेली होती.

पंधरा दिवसांनी तोच फोटो फ्रेम करून तो बाईंना द्यायला गेला, मीही सोबत होतो. बाईंनी पदरानं काच पुसली, नीट पाहिलं.

"हे तं सागाचं पान होय. आमची अळी सागावर जात नाई. मंग तुम्हीच उचलली तिले? दुसऱ्या दिवशी खाली मरून पडली होती."

"बाई, अळीचे केस पाहा ना," तो हौसेनं म्हणाला, "एकेक मोजून घ्या!"