उंदीर गाळलेला भाग

चि. ईशा आणि चि. नील,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या खोलीतून एक भरदार आवाज ऐकून तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्याकडे कोण ओरडतंय?" ते भानुदासभाऊ. मागच्या महिन्यात ते गेले, म्हणून त्यांनी मोबाईलवर बोलून ठेवलेले जुने भाग मी पुन्हा ऐकत होते. मी लिहिलं नाही तर तुमच्या लेखी ते नुसते ओरडणारे गृहस्थ राहतील. तेव्हा आधी माणूस सांगते, मग घडलं ते.

भानुदासभाऊ घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात लाउडस्पीकरवर पुकारा करायचे. "पांढऱ्या टेम्पोवाल्यानं टेम्पो बाजूला घ्यावा, म्हशी उतरायच्यात!" वयामुळे ते काम सुटलं, तरी लोक मोबाईलवर आलेलं काहीबाही दाखवून "भाऊ, हे खरं का?" असं त्यांनाच विचारत. एक दिवस ते माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, "बाई, शास्त्रज्ञांचं नवं समदं इंग्रजीत येतं. तुमी मला मराठीत सांगा, मी लोकांच्या मराठीत सांगतो." मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून माझी मराठी लोकांची नव्हे, हे त्यांनी इतकं सहज धरलं होतं की मला हसूच आलं.

मग तो क्रमच झाला. मी वाचून सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे. कागद नाही, पेन नाही. घरी जाऊन पेंडीच्या पोत्यांच्या खोलीत बसायचे, कारण तिथे आवाज घुमत नाही, आणि मोबाईलवर भाग बोलून लोकांना पाठवायचे. भाग तीन मिनिटांचा. "म्हशीचा सौदा तेवढ्यात हुतो बाई, ताऱ्याला जास्त कशाला?" दोन कृष्णविवरांची टक्कर होऊन अवकाश थरथरतं आणि ते इथे मोजता येतं, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं होतं. त्यांनी सांगितलं ते असं: "तुमी घरात बसलाय. बाहेरून उसाचा ट्रक गेला. मांडणीवरची भांडी थरथरली. ट्रक दिसला न्हाई, पर गेला ते खरं. शास्त्रज्ञांनी भांडी ऐकली." ऊसतोडीला गेलेली माणसं फडात हे ऐकायची आणि कोपीवरून, म्हणजे आपल्या पाचटाच्या झोपडीवरून, फोन करून त्यांच्याशी वाद घालायची.

एकदा मधुमेहाची बातमी होती. इन्सुलिन तयार करणाऱ्या बंद पडलेल्या पेशी उंदरांमध्ये पुन्हा चालू करता आल्या होत्या. भाऊंनी पेशी 'झोपलेल्या' केल्या, त्या 'जाग्या झाल्या' असं सांगितलं आणि उंदीर गाळला. शुगरच्या गोष्टीत उंदीर आला की लोक हसतील, असं त्यांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे चहा घेत असताना मिरजगावहून एका बाईचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"भाऊ, माज्या पोरीला शुगर हाय. इंजेक्शन चालू ऱ्हायलं तर पेशी झोपूनच ऱ्हात्याल, म्हनून कालपासनं बंद केलंय. आता लई उलट्या करतीया. पेशी जाग्या हुत्यात म्हनून का?"

भाऊंचा कप बशीत आपटला. "ताई, फोन ठेवा. पोरीला दवाखान्यात न्या, आत्ता. दिसंल ती गाडी थांबवा. इंजेक्शन बंद केलंय, हे डाक्टरला आधी सांगा."

लगेच ते एसटीने नगरला आणि तिथून मिरजगावला गेले. मुलगी वाचली.  भाऊंना सुनावलं ते मुलीच्या आजीनं. "तुमी म्हशींचंच पुकारत बसायचं हुतं. तितं कुनी मरत न्हाई."

"मग तुम्ही काय म्हणालात?" ते परत आल्यावर मी विचारलं.

"काय म्हननार? खरं बोलली म्हातारी."

आता हे भाग बंद होणार, असं मी धरून चालले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचा भाग केला: "माझं चुकलं. ते उंदरावर झालं हुतं. मी उंदीर गिळला. इंजेक्शन बंद करू नका." तेवढ्यावर न थांबता बाजाराच्या दिवशी माईक मागून घेतला आणि म्हशींच्या पुकाऱ्यात हेही पुकारलं. लोक हसले. पुढे कितीतरी दिवस "आले उंदीरवाले!" असं चाललं होतं. मला राग यायचा. ते म्हणायचे, "हसू द्या बाई. हसलं की ध्यानात ऱ्हातं. हे मला आधी कळाया पायजे हुतं."

त्यानंतर मी कोणतीही बातमी उघडली की त्यांचा पहिला प्रश्न असे, "कोनावर झालंय?" उत्तर मिळेपर्यंत ते डोळे मिटत नसत. मिरजगावला ते पुढेही जात राहिले. आजीबाई त्यांना चहा द्यायच्या, पण बोलत नसत.

बहुतेक सगळे भाग माझ्या मोबाईलवर आहेत. उंदीर गाळलेला भागही लोकांत अजून फिरतो. तो ऐकायला गोड आहे आणि दुरुस्ती तितकी गोड नाही. कुणी मला तो पाठवला की मी त्यांना दुरुस्तीचा भाग पाठवते. दोन्हींत आवाज त्यांचाच आहे.

— आजी