शनी घरबसल्या

कोपरच्या हेमाला अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंपासून मोकळीक मिळायची ती फक्त संध्याकाळी, गच्चीवर दुर्बिणीपाशी. नवऱ्याने, सलिलने, मोठ्या कौतुकाने दुर्बिणीला कॅमेरा आणला. "आता वर जायलाच नको. आईच्या उशाशी बसून कॉम्प्युटरवर बघ तुझा शनी."

पण कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो कॉम्प्युटरला जोडणारं सॉफ्टवेअर, काही केल्या इन्स्टॉल होईना.

आज सलिल ऑफिसला गेल्यावर हेमाने केबल काढली, अर्धवट बसलेला ड्रायव्हर उडवला, नवा टाकला आणि मगच केबल जोडली. कॅमेरा निमूट सुरू झाला. आतून सासूबाईंनी हाक मारली. हेमाने ड्रायव्हर पुन्हा काढून टाकला.

"झालं का गं?" संध्याकाळी सलिलने विचारलं.

"छे रे, मेला दाद देत नाही," गच्चीची किल्ली उचलत ती म्हणाली.

"टेन्शन नको घेऊ. आमच्या ऑफिसचा कॉम्प्युटरवाला उद्या घरीच येतोय."