सतरा नंबरची हजेरी

मी सहावीतून शाळा सोडलेली. अजूनही शाळेत गेले की चप्पल आधी दाराबाहेर काढते. परभणीकडून पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसवर कामाला आलो, तेव्हा मुलीला दाखल करून घेतलं हेच मोठे उपकार वाटले. तिला सगळं सावकाश समजतं. एका शब्दाला वेळ घेते. दिवाळीनंतर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "विशेष शिक्षिका मिळेपर्यंत घरीच ठेवा ना ताई." मी त्यांचे आभार मानून आले.

घरी पोर रोज अकराला, शाळेतल्या हजेरीच्या वेळी, भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "हजर." एकदाच.

शेजारणीनं तक्रारअर्ज लिहून दिला, म्हणून शिक्षण खात्याचे साहेब शाळेत चौकशीला आले; मलाही पोरीला घेऊन बोलावलं. मुख्याध्यापिकांनी हजेरीपत्रक पुढं सरकवलं. "पोरगी रोज येते. हे बघा, सतरा नंबर. आणखी काय सोय करायची?"

महिनोन्‌महिने एकही खाडा नाही. माझी दुपारपाळी, अकराला मी घरीच असते, पोर डोळ्यांसमोर. तरी वाटलं, माझंच काही चुकत असेल.

"वर्गात चला," साहेब म्हणाले. "हजेरी घ्या."

पोर माझा हात धरून दारात उभी. सतरंजीवर तिची जागा रिकामी होती. मुलं तिथं पायसुद्धा लागू देत नव्हती.

"सतरा," वर्गाच्या बाई म्हणाल्या.

"ह...जर, बाई."

माझ्या पोरीचाच तो ओढलेला आवाज. माझ्याजवळची पोर ओठ मिटून होती.

"कोण बोललं?"

पुढची एक मुलगी म्हणाली, "तीच, साहेब. रोज बोलती."

मुख्याध्यापिका खाली बघत म्हणाल्या, "पट कमी दिसला तर आमचा एक शिक्षक जातो हो."

पोरीनं हात सोडवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. साहेबांनी स्वतः पुकारलं, "सतरा." यावेळी सगळा वर्ग गप्प. आम्ही थांबलो. पंखा कुरकुरत राहिला. खूप वेळानं ती म्हणाली, "हजर."

साहेबांनी तिथंच लिहिलं: मूल याच वर्गात बसेल, विशेष शिक्षिका आठवड्यातून तीन दिवस येईल, उत्तराला वेळ द्यावा. मी खाली सही केली. त्या शिक्षिका येतात, अगदी नेमानं. त्यांचे उपकार कसे फेडू?

त्या दिवशी घरी येताना मी विचारलं, "तुझ्या आवाजात कोण बोलायचं गं?"

"मीच."

आता ती शाळेत असते. अकरा वाजत आले की मी बाहेर ओट्यावर येऊन बसते. आत, त्या भिंतीजवळ, कोणी "हजर" म्हणेल म्हणून थांबवत नाही.