बरणीत जीव येईपर्यंत

माझं लग्न पृथ्वीवर पहिला जीव कसा आला या प्रश्नावर अडलं होतं. पगार, उंची, पत्रिका यांतल्या कशावरही अडलं असतं तर लोकांना निदान समजावून तरी सांगता आलं असतं. मैत्रिणी विचारायच्या, "काय गं, कुठवर आलं तुमचं?" मी म्हणायचे, "अजून समुद्र कोमट आहे."

आमचे अप्पा सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका छोट्या मंदिराचे पुजारी. मुलाचे वडील शहराच्या जुळे सोलापूर भागात राहणारे, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात रोज बुद्धवंदना, आणि देव हा विषय निघाला की चहा थंड होईस्तोवर बोलायची तयारी. आम्ही दोघं एकाच ऑफिसात, समोरासमोरच्या टेबलांवर. घरी सांगितल्यावर आदळआपट होईल म्हणून मी भांडणाची जय्यत तयारी केली होती. अप्पा एवढंच म्हणाले, "पोरगा बरा हाय. चला, बघून येऊ." माझी सगळी तयारी फुकट गेली.

बघायला गेलो. पोहे आले, सोबत शेंगाचटणी आली. सरांनी (त्यांना सगळेच सर म्हणतात) लग्न विहारात व्हावं अशी इच्छा बोलून दाखवली. अप्पांनी बशी खाली ठेवली.

"तसं कसं, सर? ज्यानं जीव घातला त्याच्याम्होरं नको व्हय लगीन लावाय?"

सर खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा मुलगा माझ्या कानाशी पुटपुटला, "संपलं आता." सरांनी जन्मभर दुपारच्या तासाला पेंगणारे वर्ग जागे ठेवले होते.

"जीव कुणी घातला नाही, महाराज. उथळ कोमट पाणी होतं, त्यात क्षार होते, वर ऊन आणि विजा. हळूहळू आपोआप झालं."

"आपोआप तर भाकरीबी हुत न्हाय, सर."

"भाकरीला कोट्यवधी वर्षं दिलीत का तुम्ही?"

"त्येवढा दम भूक धरती व्हय?"

आम्ही दोघं हसू दाबायला आत पळालो आणि तिथेच चुकलो. कारण बाहेर येईपर्यंत पैज ठरली होती. अप्पा म्हणाले होते, "आपोआप हुतंय तर करून दावा की." बरणीत पाणी उकळून घ्यायचं, त्यात सरांना हवं ते मीठ-क्षार घालायचं, झाकण घट्ट लावायचं. जीव आला तर सर जिंकले, नाही आला तर देव. हरेल त्यानं दुसऱ्याच्या पद्धतीनं लग्न लावून द्यायचं, आणि निकालाशिवाय तारीख काढायची नाही. निकाल कधी लागणार, ते मात्र कुणीच ठरवलं नव्हतं. असं बरणीत काही होत नसतं हे सरांइतकं कुणाला ठाऊक असणार? पण कुणी 'करून दाखवा' म्हटल्यावर मागं सरायची त्यांना सवयच नव्हती. वर, आपल्याच घरी ठेवली तर संशय येईल म्हणून बरणी आमच्याकडे पाठवली. अप्पांनी ती देवघरात ठेवली. घरात त्याहून सुरक्षित जागा कुठली?

मग दर रविवारी सर शुक्रवार पेठेत यायला लागले. भिंग लावून बरणी बघायची, "अजून काही नाही" म्हणायचं आणि सोप्यात बसून अप्पांशी दुपारपर्यंत भांडायचं. दोघांच्या तोंडावर काय तेज आलं होतं! अप्पा शनिवारपासूनच नवे मुद्दे घोळवायचे. आई म्हणायची, एवढ्या कौतुकानं तर हे मला बघायलाही आले नव्हते. मला वाटायला लागलं, आमचं राहू दे, हे दोघंच आता बोहल्यावर चढतात.

हसत होते खरी, पण मनातून मी पार घाबरले होते. सर माघार घेणार नाहीत, अप्पा देवाला हरू देणार नाहीत, आणि पाणी आहे तसंच राहणार. एकदा जेवताना मी अप्पांना सरळ विचारलं, "आणि कधीच काही आलं नाही तर?" त्यांनी माझ्या तशाच राहिलेल्या ताटाकडे बघितलं.

त्यानंतर एका सकाळी पूजा उरकून अप्पांनी बरणी टॉवेलात गुंडाळली आणि म्हणाले, "चल." रिक्षानं जुळे सोलापूर गाठलं. सरांनी दार उघडलं तसं अप्पांनी उंबऱ्यातच बरणी पुढे केली.

"हरलो, सर. जीव आला."

पाण्यात खरंच काहीतरी वळवळत होतं. मला वाटलं, आता मी ओरडणार. सरांनी बरणी उजेडाला धरली, भिंग लावलं, आणि बिचाऱ्यांचा चेहरा पडला.

"महाराज, या डासाच्या अळ्या आहेत. पण हे पाणी तर उकळून..."

"ते पानी कुटलं ऱ्हायलं आता? द्येवघरात शिळं पानी ठिवत न्हाईत. रोज सकाळी बदलतोय की मी. तांब्यातलं बदलतो तसं. बॅरलातलं घ्यायचं, तुमचं मीठ टाकायचं."

म्हणजे इतके रविवार सर भिंग लावून आमच्या बॅरलातलं ताजं पाणी बघत होते! ते आधी थिजले, मग असे हसत सुटले की त्यांना भिंतीला धरावं लागलं. आम्ही सगळेच वेड्यासारखे हसलो. डोळे पुसून सर म्हणाले, "निकाल रद्द. पण महाराज, देव मानणारा माणूस स्वतःच्या पायांनी 'हरलो' म्हणायला आला. मला हे जमलं नसतं. लग्न तुमच्या पद्धतीनं."

"छे! हरलो मी. तुमच्या पद्धतीनं."

"अहो, प्रयोगच चुकला!"

"चुकला तर माझ्या हातनं की!"

आता कोण हरलं यावर जुंपली. तेव्हा माझी होणारी सासू, जी आजवर या वादात एक शब्द बोलली नव्हती, पुढे आली. तिनं बरणी उचलून बेसिनमध्ये रिकामी केली आणि म्हणाली, "सकाळी विहारात, संध्याकाळी मंदिरात. आता तारीख बोला." दोघंही शाळेतल्या पोरांसारखे गप्प बसले, आणि दहा मिनिटांत तारीख ठरली. मी त्या हॉलमध्ये फक्त नाचायची बाकी राहिले होते.

परतताना रिक्षात मला हसू आवरेना. म्हटलं, "अप्पा, तुम्हाला खरंच वाटलं जीव आपोआप आला म्हणून?"

"खुळी का काय तू? बॅरलातल्या आळ्या मला कळत न्हाईत व्हय? जल्मभर फडक्यानं गाळून पानी घेतोय. आज तेवढं गाळलं न्हाय."

माझं हसू थांबलं. "म्हणजे तुम्ही मुद्दाम देवाला हरवलं?"

अप्पा बाहेर बघत होते. म्हणाले, "द्येव हरला तरी द्येवच ऱ्हातोय. तू चार दिस झालं नीट जेवली न्हवतीस."