पन्नास मतं जास्त

जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत त्यांना सगळे खूणबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही दाखला चुकीचा गेला नव्हता. त्याचं श्रेय त्या आपल्या याद्यांना द्यायच्या. कामांची यादी करायची, काम झालं की पुढे बरोबरची खूण. घरीही तेच. दाराला आतून गॅस, नळ, खिडकी, किल्ली अशी यादी डकवलेली. नवरा निवृत्त बस ड्रायव्हर, मोकळाढाकळा माणूस. तो म्हणायचा, "मी गेलो तरी हिची खूण होईपर्यंत मला कोणी मेलेला धरणार नाही."

बाईंच्या निवृत्तीला नऊ महिने उरले होते आणि तेवढ्यात पोटनिवडणूक लागली. बाईंना केंद्राध्यक्षाची ड्युटी आली. सरकारवर लोक खार खाऊन होते. पाणीपट्टी दुप्पट केलेली, संध्याकाळचा दवाखाना बंद केलेला, आणि बाईंच्या नवऱ्याने वीस वर्षं ज्या मार्गावर बस चालवली तो मार्गही बंद. मंत्री मात्र सभेसभेतून लोक किती सुखात आहेत ते लोकांनाच समजावून सांगत होते. तरी सरकारी पक्षाची यंत्रणा तगडी, त्यामुळे पेपरवाले म्हणत होते, काट्याची टक्कर होणार.

मतदान सुरू होण्याआधी यंत्राची चाचणी घेतात. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर पन्नास खोटी मतं टाकायची, बेरीज जुळते का बघायची आणि मग ती मतं पुसून यंत्र कोरं करायचं. बाईंनी मतं टाकली, बेरीज जुळली. तेवढ्यात बाहेर गलका झाला. दार सातला उघडायचं, पण साडेसहालाच रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. इतके लोक इतक्या लवकर मत द्यायला आलेले बाईंनी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. वेळ वाचावा म्हणून त्यांनी समोरच्या फॉर्मवर पुढच्या तीन खुणा आधीच करून टाकल्या. आता यंत्राला हात घालणार, तोच दोन प्रतिनिधी खुर्ची कोणी कुठे टाकायची यावरून हमरीतुमरीवर आले. ते भांडण मिटवून बाई परत आल्या आणि त्यांनी फॉर्म पाहिला. 'मतं पुसली' याच्यापुढे खूण होती. खूण आहे म्हणजे काम झालेलंच असणार! त्यांनी यंत्राला सील लावलं.

दिवसभर बाई मतदारांच्या नोंदवहीवरून आकडे कळवत राहिल्या. संध्याकाळी मतदान संपल्यावर यंत्राची बेरीज पाहिली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. वहीत सातशे एकोणचाळीस मतदार, यंत्रात सातशे एकोणनव्वद मतं.

हाताखालचा मतदान अधिकारी, मूळचा पाटबंधारे खात्यातला ओव्हरसियर, हळूच म्हणाला, "बाई, बटण दाबलं होतं, यंत्रानंच पुसलं नाही असं लिहा. यंत्र थोडंच साक्ष द्यायला येणार आहे?"

बाईंनी फक्त आकडे लिहिले. कारणाची जागा कोरी ठेवली.

यंत्रं जमा करताना निवडणूक अधिकाऱ्यांनी तो कागद पाहिला. पन्नास म्हटल्यावर त्यांना कळायचं ते कळलं. "परवा मोजणी आहे," ते म्हणाले. "निकालातला फरक तुमच्या यंत्रातल्या मतांपेक्षा मोठा पडला, तर तुमचं यंत्र न मोजता बाजूला ठेवू. कमी पडला, तर तुमच्या केंद्रावर पुन्हा मतदान, चौकशी आणि निलंबन. कारण काय ते मोजणीच्या दिवशी लेखी द्या."

दुसरा दिवस बाईंनी कोऱ्या कागदासमोर काढला. खरं लिहावं तर एकतीस वर्षांवर पाणी. खोटं लिहावं तर हात उचलत नव्हता. नवरा म्हणाला, "सरकार आपटू दे एकदाचं!"

"कोणीही येवो," बाई म्हणाल्या, "पण दणकून येवो."

मोजणीच्या सभागृहात त्यांना कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं होतं. पहिल्या फेरीत विरोधी उमेदवार एकशे बाराने पुढे. दुसऱ्या फेरीत सरकारी उमेदवार तीनशे चाळीसने. तिसऱ्या फेरीत विरोधी नऊशेने पुढे गेला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाठ टेकली. पाचव्या फेरीला आघाडी चार हजारांवर गेली, आणि मग लोकांनी दोन वर्षं गिळलेला राग फेरीमागून फेरी फळ्यावर उतरत गेला. अकराव्या फेरीनंतर सरकारी उमेदवार मागच्या दाराने निघून गेला. शेवटचा फरक चौतीस हजार दोनशे सहा.

बाई एका दमात दोन पेले पाणी प्यायल्या. त्यांना हसू येत होतं. जिंकलेल्या उमेदवाराचा प्रतिनिधी गुलालाने माखून समोर आला. "बाई, तुमच्या केंद्राची गरजच पडली नाही!"

हे मात्र त्यांना लागलं. पायाला प्लास्टर असलेला एक माणूस मतदानाच्या दिवशी शाळेच्या पायऱ्या बसत बसत चढून आला होता. त्याचं मत कुठेच मोजलं गेलं नव्हतं. त्याच्या आठवणीने बाईंना मनापासून स्वतःची लाज वाटली.

त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'मी मतं पुसली नाहीत. न पुसताच फॉर्मवर खूण केली. चूक माझी आहे.'

निवडणूक अधिकाऱ्यांनी वाचलं आणि ते हसले. "बाई, चौतीस हजारांचा फरक पडल्यावर खरं लिहायला काय जातंय? लेखी समज देतो, पुढे काही होणार नाही. जा घरी."

बाहेर रस्त्यावर नुसता कल्लोळ होता. ढोल वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात नवरा वाट बघत उभा होता, चेहरा फुललेला. "सुटलीस?"

"सुटले," बाई म्हणाल्या आणि तिथेच फुटपाथच्या कठड्यावर बसल्या. कागदावर काय लिहून दिलं ते त्यांनी त्याला सांगितलं.

"मला माहीतच होतं," तो म्हणाला. "फरक पाचशेचा असता तरी तू हेच लिहिलं असतंस."

बाईंना तेवढी खात्री नव्हती. आणि ती खात्री करून घ्यायची पाळी आली नाही, याचंच त्यांना सगळ्यात जास्त हायसं वाटत होतं.