बाईच्या नावाची मूठ

शनिवार, नागपंचमीनंतरचा. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या, रोटांसाठी गहू घेण्याचा दिवस. सासरचं घर, चोपड्याजवळ.

हजर: थोरले जेठ नाना, यजमानांचे मोठे भाऊ, पाटावर. त्यांची बायको अक्का, सुपापाशी. धाकटा दीर, दाराला टेकून. नानांची सून, मांडीवर महिन्याचं बाळ. माझी मुलगी मयुरी. मी.

गैरहजर: माझे यजमान आणि आमचा मुलगा प्रतीक. दोन वर्षांपूर्वी धुळे रस्त्यावर वाळूच्या डंपरने दोघांना मोटारसायकलसकट चिरडलं. गेल्या वर्षी घराने दुखवटा पाळला, कानबाई बसली नाही. या वर्षी बसणार होती.

आमच्यात रीत अशी. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. तो गहू दळायचा, त्याचेच रोट, नैवेद्याच्या जाड पोळ्या. नानांनी स्वतःचं नाव घेतलं. दिराचं घेतलं. मुलांची घेतली. मग सुनेच्या मांडीकडे बघून म्हणाले, "हाई बाळ्यानी." बाळाचं अजून बारसं नव्हतं. तरी त्याची मूठ पडली.

मी सूप माझ्याकडे ओढलं.

नाना माझ्याशी बोलले नाहीत. भावजयीशी थेट बोलायचं नाही, ही त्यांची मर्यादा. ते अक्काला म्हणाले, "तिले सांग, सूप तठेच ठेव. त्या घरमा आते माणूस नई शे."

आम्ही दोघी तिथेच बसलेलो. जिवंत. आणि घरात माणूस नाही.

अक्का हळूच म्हणाली, "तू सामाननं पाय, माय. यादी तुन्हाच हातनी चोख ऱ्हास."

हे मात्र खरं. लग्न होऊन आले तेव्हापासून कानबाईच्या सामानाची यादी मीच करते. नारळ, चुनरी, नथ, फुलं, खापरावरच्या पुरणपोळीची डाळ. एकदाही काही विसरलं नाही. धुळ्याच्या संघटनेच्या ऑफिसातही, मोर्चा असो की बैठक, लोक मला यासाठीच ओळखतात. यादीला मी चालते. सुपाला चालत नाही.

अपघातानंतर मला पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं. नशीब म्हणाले, काळ म्हणाले, मागच्या जन्माचं म्हणाले. माझा संताप होई. आधार म्हणून टिकली ती फक्त कानबाई. प्रतीक लहान असताना रोटाच्या कणकेत बोटं खुपसायचा आणि देवीच्या नथीला हात लावून पळायचा. एरवी ती आठवण मला खाली पाडते. कानबाईची गाणी म्हणताना तीच आठवण माझ्याशेजारी येऊन बसते. माझी श्रद्धा एवढीच आहे. तिच्या जोरावर मी ही दोन वर्षं काढली. या दिवसाची वाट पाहिली. आणि इथे मला सांगत होते, तुझं घर देवीच्या हिशेबातच नाही.

मी म्हणाले, "नाना, माले सांगा. मी आठेच शे. कानबाई बाई शे का माणूस?"

दीर दारातून हसला. "वैनी, देवीना घरमा बी मोर्चा काढशी का?"

मी पोत्यात हात घातला. "मयुरी," म्हणाले आणि सव्वा मूठ टाकली. मग माझं नाव घेतलं. मोठ्याने. त्या घरात माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसरी सव्वा मूठ टाकली.

नाना उठले. "बठ्ठा गहू बाटाडी टाका इनी!" सूप उचललं, अंगणात नेलं आणि सगळा गहू गायीपुढे ओतला. स्वतःच्या नावाचा, बाळाचा, सगळा. आमची नावं मिसळली म्हणून. मग परत येऊन पाटावर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून पुरुषांची नावं घेऊ लागले.

देवी बाई. दळणार बाया. भाजणार बाया. रात्रभर गाणार बाया. बाटवलं ते माझ्या नावाने.

यादीप्रमाणे आणलेलं सामान मी अक्कापुढे ठेवलं आणि चप्पल घातली. धुळ्याच्या एसटीत मयुरीने विचारलं, "आई, म्हणजे आता कानबाई पण त्यांचीच झाली?"

"नाही," मी म्हणाले.

देव सोडणं सोपं होतं. नानांना तेच हवं होतं. मी सोडणार नाही. पुढच्या श्रावणात कानबाई धुळ्यात, माझ्या दोन खोल्यांत बसेल. मयुरीची मूठ पडेल, माझी पडेल. आणि गेलेल्या त्या दोघांची नावंही मी घेणार, कोणी काहीही म्हणो. नातलगांना कळवून झालंय. दोघांनी फोन ठेवून दिला. एका नणंदेने विचारलं, "मन्हं बी नाव लेशी का?" लिहून घेतलं.

अक्काला अजून विचारलेलं नाही. सगळ्यांचा गहू तिनेच दळला, सगळ्यांचे रोट तिनेच भाजले. फोनवर नको. चोपड्याला जाऊन, नाना पाटावर बसलेले असताना, त्यांच्यासमोर विचारायचंय: अक्का, तुमच्या नावाची मूठ घेऊ का?

तेवढं राहिलंय.