लाटेचा हिशेब करणारे साडू

बटण दाबण्याआधी देवाचं नाव घेणारा इंजिनिअर अख्ख्या नागपुरात एकच, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. जमिनीखालच्या केबलमध्ये वीज सोडली की पहिल्या क्षणी आत काय उसळतं, हे ते काँप्युटरवर आधीच घडवून पाहत. त्यांच्या या धंद्यापायी घरात मिक्सर लावायचीही चोरी. "थांब वं, आधी फ्रिजले शांत होऊ दे," असं ते बायकोला बजावत, आणि चटणी दुपारवर जाई. एकदा मला लाट समजावून सांगायला त्यांनी आमच्या गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीला असा हिसडा दिला, की माझ्या बायकोची ओली साडी थेट शेजारणीच्या पापडांवर जाऊन पडली. "पाहा गा," साडू आनंदाने म्हणाले, "टोकाले पोचली का लाट उलटून येते. वीजही तशीच. जोर वाढला का केबल फुटते." शेजारीण काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मागच्या वर्षी बुटीबोरीच्या एका गिरणीची केबल त्यांनी अशीच तपासून दिली. काँप्युटरवर सगळं ठीक होतं. पण प्रत्यक्षात वाटेत खडक लागला म्हणून केबल वळसा घालून टाकली होती, नकाशापेक्षा बरीच लांब. लांबी बदलली की लाटेचा हिशेबही बदलतो. साडूंना मात्र कुणी कळवलंच नाही. वीज सोडली आणि टोकाचा जोड फुटला. शेजारी उभा असलेला फिटर भाजला, त्याचे दोन्ही डोळे गेले.

चौकशीत साडूंवर ठपका आला नाही. तेच त्यांना सोसेना. "लांबी विचाराले एक फोन काहून नाही केला मी?" एवढंच ते म्हणत, आणि मग जेवण तसंच राही.

आता दर रविवारी ते शहराबाहेरच्या वाडीला, त्या फिटरच्या भाड्याच्या खोलीवर जातात. परवा मीही सोबत गेलो. भर दुपारी साडू त्याची दाढी करत होते, इतक्या जपून की साबण गालावरच वाळला.

"साहेब, इतका वेळ काहून लागून राहिला तुमाले?"

"वय झालं गा."

फिटर हसला. मग दाराकडे तोंड वळवून म्हणाला, "लय उकडून राहिलं. बाहेर आभाळ आलं का जी?"

साडूंनी वस्तरा थांबवला, बाहेर पाहिलं. रस्ता उन्हाने पांढरा पडला होता, ढगाचा मागमूस नव्हता.

"येऊन राहिलं," ते म्हणाले, आणि त्याच्या गालावर पुन्हा पाणी लावू लागले.